गस्तीवर गेलेल्या आगबोटी

'गस्त' हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो की तो फारसीतून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. फारसीत 'गश्त' म्हणजे फिरणं, फेरी घालणं. पोलिसांची रात्रीची गस्त आपल्याला माहीत आहे. रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यातून हाका देत, डफ वाजवत सहरीसाठी लोकांना उठवणारी मंडळी फिरतात, तीही एका अर्थानं गस्तच. समुद्राकडे गेलं तर असे पाहुणे शब्द पावलोपावली भेटतात. 'बंदर' आणि 'दर्या' फारसी, 'जहाज' अरबी, 'आरमार' पोर्तुगिजांकडून आलेलं. आणि 'आगबोट' तर गंमतीचाच शब्द आहे! आग आपली, बोट इंग्रजांची.

आज या पानावर अशा काही आगबोटींची हकिगत सांगायची आहे, ज्या प्रवासी नेण्यासाठी बांधल्या गेल्या, कित्येक वर्षं मुंबईच्या धक्क्याला लागत राहिल्या आणि १९३९ साली महायुद्ध पेटल्यावर एकदम गस्तीच्या कामाला जुंपल्या गेल्या. त्यांच्यापैकी दोघी आइसलँडच्या आसपासच्या थंड पाण्यात तळाशी गेल्या. एकीवरून गांधीजींनी प्रवास केला होता. आणि या सगळ्या बोटी वर्षानुवर्षं चालवणारे हात कोकणातले, गुजरातेतले, पंजाबातले आणि गोव्यातले होते.

चार बहिणी

पी अँड ओ या इंग्रज कंपनीनं १९२४-२५ मध्ये चार सारख्या आगबोटी पाण्यात उतरवल्या. नावं होती रांची, रणपुरा, रावळपिंडी आणि राजपुताना. सगळी नावं हिंदुस्थानातली, कारण सगळ्यांचा मार्ग लंडन ते मुंबई असा होता. रांची आणि रणपुरा इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठी बांधल्या गेल्या, रावळपिंडी आणि राजपुताना स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला. प्रत्येकीचं वजन सोळा हजार टनांच्या वर, लांबी सुमारे १६७ मीटर, वेग ताशी सतरा सागरी मैल. पहिला आणि दुसरा वर्ग मिळून सहाशेच्या आसपास प्रवासी एका फेरीत जात. गोरे अंमलदार, त्यांच्या मडमा, विलायतेला बॅरिस्टर व्हायला निघालेली आपली पोरं, व्यापारी, संस्थानिक, आणि तळघरात टपालाच्या थैल्या.

या बोटी मुंबईत बॅलार्ड पिअरला लागत. तिथे धक्क्यालगतच रेल्वेचं स्टेशन होतं. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथूनच सुटायची आणि दिल्ली, लाहोर करत पेशावरला जायची. वाटेत रावळपिंडी शहर लागायचं. म्हणजे 'रावळपिंडी' बोटीतून उतरायचं आणि रावळपिंडीच्या गाडीत बसायचं, अशी सोय त्या काळात होती. आज त्या दोन गावांमध्ये एक सरहद्द उभी आहे.

२९ ऑगस्ट १९३१ रोजी यातल्या राजपुतानावर गांधीजी चढले. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला निघाले होते. तिकीट दुसऱ्या वर्गाचं. सोबत महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन, देवदास. त्याच बोटीवर पंडित मदनमोहन मालवीय आणि सरोजिनी नायडूही होत्या. डेकवरच गांधीजींची सूतकताई चाले, तिथेच प्रार्थना होई. ११ सप्टेंबरला ते मार्सेल्सला उतरले. त्याच्या दोन आठवडे आधी, १५ ऑगस्ट १९३१ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच परिषदेसाठी याच कंपनीच्या 'मुलतान' या बोटीतून मुंबईहून रवाना झाले होते. परिषदेत दोघांचे रस्ते वेगळे झाले, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. दोघांना घेऊन गेलेल्या या दोन्ही आगबोटी आठ वर्षांनी तोफा लादून युद्धावर गेल्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

झुंबरं उतरली, तोफा चढल्या

ब्रिटनला युद्ध लागताच एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. जर्मनीची व्यापारी जहाजं जगभर विखुरलेली होती आणि ती आता घरी परतू पाहत होती. इंग्लिश खाडीतून जाणं त्यांना अशक्य होतं. उरली उत्तरेची वाट. स्कॉटलंडच्या वरून, फॅरो बेटं आणि आइसलँड यांच्यामधून, किंवा आणखी वर आइसलँड आणि ग्रीनलँड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीतून. शेकडो मैलांची ती मोकळी, वादळी, बर्फाळ पट्टी अडवायची तर रात्रंदिवस गस्त हवी. एवढ्या युद्धनौका आणायच्या कुठून? ज्या होत्या त्या इतर ठिकाणी गुंतलेल्या.

म्हणून नौदलानं प्रवासी आगबोटी ताब्यात घेतल्या. संपूर्ण युद्धात अशा पन्नासहून अधिक बोटींचं रूपांतर झालं. सरकारी भाषेत त्या 'सशस्त्र व्यापारी क्रूझर' झाल्या. पी अँड ओच्या चारही बहिणी त्यांत आल्या. मुलतानही आली.

यामागे हिशेब होता. प्रवासी आगबोट मोठी असते, त्यामुळे खवळलेल्या समुद्रात टिकून राहते. तिच्या पोटात इंधन आणि अन्नपाणी भरपूर मावतं, म्हणून ती आठवडेच्या आठवडे बंदराला न लागता फिरू शकते. मालवाहू जहाजाला गाठण्याइतका वेगही तिच्यात असतो. गस्तीचं काम तसं सरळ होतं. दिसेल ते जहाज थांबवायचं, नावेतून काही माणसं त्यावर पाठवायची, कागदपत्रं आणि माल तपासायचा, संशय आला तर तपासणीच्या बंदराकडे न्यायचं. अशा कामाला चिलखती युद्धनौकेची गरज नाही.

पण दुसरी बाजूही होती. प्रवासी बोटीची भिंत उंच आणि पातळ. दुरून दिसायला सोपी, फोडायला त्याहून सोपी. आतल्या खोल्या लाकडानं मढवलेल्या, म्हणजे आग लागली की भडकणारच. कारागिरांनी दिवाणखान्यातली झुंबरं, गालिचे, पडदे उतरवले, सगळ्या बोटीला करडा रंग फासला, डेकला खालून टेकू देऊन त्यावर तोफा बसवल्या. रावळपिंडीला आठ तोफा मिळाल्या, सहा इंची आणि जुनाट. दारूगोळा वर चढवण्याची युद्धनौकेसारखी यांत्रिक सोय नाही, सगळा मामला हातांवर. पुढे पुढे अशा बोटींच्या रिकाम्या तळघरांत मोकळी पिंपं ठासून भरू लागले, भोक पडलं तरी बोट थोडा वेळ जास्त तरंगावी म्हणून. बुडण्याची तयारी करूनच पाठवणी होत होती म्हणा ना.

२३ नोव्हेंबर १९३९

रावळपिंडीचे कप्तान होते एडवर्ड कोव्हर्ली केनेडी. वय साठ. नौदलातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, युद्धासाठी परत बोलावणं आलं. पुढे ब्रिटनमध्ये पत्रकार आणि लेखक म्हणून नाव कमावलेले लुडोव्हिक केनेडी हे त्यांचे चिरंजीव. हाताखालची माणसंही बहुतेक राखीव दलातली, म्हणजे काल-परवापर्यंत साधी नोकरी करणारी. बोटीवरचे काही इंजिनिअर आणि कर्मचारी पी अँड ओचेच होते, ते नौदलाच्या खास करारावर बोटीसोबत राहिले.

सुरुवात बरी झाली. १९ ऑक्टोबरला रावळपिंडीनं डेन्मार्क सामुद्रधुनीत 'गोन्झेनहाइम' या जर्मन जहाजाला गाठलं. ते हाती लागू नये म्हणून त्याच्या माणसांनी स्वतःच ते बुडवलं. गस्तीचा हेतू साधला.

त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या मध्याला लागला होता आणि ईद नोव्हेंबरच्या मध्याला झाली. ईद होऊन दहाएक दिवस झाले असतील. २३ नोव्हेंबरच्या दुपारी फॅरो बेटं आणि आइसलँड यांच्या दरम्यान रावळपिंडी फेरी घालत होती. उत्तरेकडच्या त्या भागात हिवाळ्यात दुपारी साडेतीन-चारलाच अंधारून येतं. क्षितिजावर एक जहाज दिसलं. ते मालवाहू नव्हतं. ती 'शार्नहोर्स्ट' होती, जर्मनीच्या सर्वांत बलाढ्य युद्धनौकांपैकी एक. आणि थोड्या अंतरावर तिची जोडीदारीण 'ग्नायझेनाउ'.

जरा हिशेब मांडून पाहू. रावळपिंडीच्या एका तोफगोळ्याचं वजन सुमारे ४५ किलो. एका बाजूनं एका वेळी चार तोफा चालत, म्हणजे एका फैरीत १८० किलो लोखंड. शार्नहोर्स्टवर नऊ मोठ्या तोफा, प्रत्येकीचा गोळा तीनशे किलोंहून जड. एका फैरीत जवळपास तीन टन. आणि तेवढेच पुन्हा ग्नायझेनाउकडून. वेग रावळपिंडीचा सतरा, त्यांचा तीसच्या वर. पळता येणार नाही, लढता येणार नाही.

जर्मन नौकेनं थांबण्याचा इशारा दिला. केनेडी थांबले नाहीत. त्यांनी धुराचा पडदा सोडला, बोट वळवली, शत्रू दिसल्याची बिनतारी खबर आपल्या मुख्य आरमाराला पाठवली आणि तोफा डागायचा हुकूम दिला. आता गस्तीवाल्याचं खरं काम तेवढंच उरलं होतं, मागे असलेल्यांना सावध करणं. शेवट काय होणार हे त्यांनाही दिसत होतं आणि त्यांनी ते आपल्या माणसांपासून लपवलं नाही.

चाळीसेक मिनिटांत सगळं आटोपलं. रावळपिंडीचा एक गोळा शार्नहोर्स्टला लागला, नुकसान किरकोळ झालं. इकडे बोटीचा सांगाडा जळत राहिला आणि काही तासांनी, रात्री, ती बुडाली. २३८ माणसं गेली, कप्तान केनेडी त्यांत होते. वाचले ते चाळिसाच्या आत. त्यांतल्या बहुतेकांना जर्मन नौकांनीच पाण्यातून उचललं आणि कैद केलं. उरलेल्या दहा-अकरा जणांना दुसऱ्या दिवशी एका ब्रिटिश बोटीनं वाचवलं. तिचं नाव 'चित्राल'. तीही पी अँड ओची, तीही प्रवासी आगबोट, तीही तोफा लादून गस्तीवर आलेली.

खबर मात्र पोहोचली होती. ब्रिटिश आरमार बाहेर पडलं, आणि जर्मन नौकांना अटलांटिकमध्ये शिरण्याचा बेत सोडून, वादळी हवामानाचा आडोसा घेत माघारी जावं लागलं.

चार वर्षांनी, २६ डिसेंबर १९४३ रोजी नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळ शार्नहोर्स्टही बुडाली. तिच्यावर १,९०० हून अधिक माणसं होती. वाचली फक्त ३६. समुद्र कुणाचा झेंडा कोणता हे विचारत नाही.

राजपुतानाचा शेवट

रावळपिंडीनंतर वर्षानं 'जर्व्हिस बे' नावाच्या अशाच एका प्रवासी बोटीची पाळी आली. १९४० मध्ये ईद नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. त्याच आठवड्यात, ५ नोव्हेंबरला, कॅनडाहून निघालेल्या जहाजांच्या तांड्याला ती एकटी सोबत करत होती. समोर आली 'ॲडमिरल शेअर' ही जर्मन युद्धनौका. कप्तान फोगर्टी फेगन यांनी तांड्याला पांगण्याचा हुकूम दिला आणि आपली बोट सरळ शत्रूच्या दिशेनं नेली. ती बुडेपर्यंत गेलेल्या वेळात अंधार पडला आणि तांड्यातली बहुतेक जहाजं निसटली. फेगन यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका स्वीडिश जहाजाचा कप्तान रात्री जीव धोक्यात घालून मागे फिरला आणि त्यानं ६५ जणांना पाण्यातून काढलं. स्वीडन त्या युद्धात तटस्थ होता, त्याच्यावर कसलीच सक्ती नव्हती.

राजपुतानाही आता अटलांटिकमध्येच होती. तिचं रूपांतर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर झालं होतं आणि ती हॅलिफॅक्सहून निघणाऱ्या तांड्यांना सोबत करायची. १३ एप्रिल १९४१ च्या सकाळी आइसलँडच्या पश्चिमेला 'यू-१०८' या जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोनं तिला गाठलं. तळघरातल्या रिकाम्या पिंपांमुळे म्हणा, बांधणीमुळे म्हणा, ती लगेच बुडाली नाही. माणसांना नावांत उतरायला वेळ मिळाला. चाळीसहून अधिक माणसं गेली, पण २८३ जण वाचले. युद्धाआधी जे तिचे नागरी कप्तान होते, ते रिचर्डसन बोट सोडून गेले नव्हते. तेही बोटीबरोबर गेले. ज्या डेकवर दहा वर्षांपूर्वी सूतकताई झाली होती, तो डेक आता अटलांटिकच्या तळाशी आहे.

अशा सशस्त्र प्रवासी बोटींपैकी युद्धात एकूण १५ गमावल्या. रांची आणि रणपुरा वाचल्या. मुलतानही वाचली आणि पन्नासच्या दशकात मोडीत निघाली.

मग आपली माणसं कुठे होती?

आता मुद्द्याची गोष्ट. या बोटी मुंबईला येत-जात होत्या तेव्हा त्या चालवत कोण होतं?

पी अँड ओची जुनी पद्धत होती. डेकवरची माणसं पश्चिम किनाऱ्यावरची, गुजरातेतले खारवे आणि रत्नागिरी जिल्ह्यातले, मुख्यतः कोकणी मुसलमान. खाली इंजिनखान्यात बॉयलरपुढे पंजाब आणि सरहद्दीकडचे मुसलमान. प्रवाशांच्या खोल्या, जेवणघर आणि मुदपाकखाना सांभाळणारे गोव्याचे ख्रिश्चन. एकाच बोटीत वर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारा, खाली बॉयलरशेजारी मुसल्ला अंथरणारा आणि मधल्या मजल्यावर गळ्यात क्रूस घातलेला. इंग्रज या सगळ्यांना एकच नाव द्यायचे, 'लस्कर'. तोही फारसी 'लश्कर'वरूनच आलेला शब्द. त्यांच्या मुकादमाला 'सारंग' म्हणत. सारंगानंच गावातून माणसं गोळा करायची, त्यानंच त्यांना सांभाळायचं. त्याच्या हाताखाली टंडेल.

युद्धापूर्वी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे हिंदुस्थानी खलाशी चाळीस ते पन्नास हजार होते. म्हणजे दर चार माणसांत साधारण एक. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत फारच कमी, जवळपास चौथाई. राहायला दाटीची जागा. बॉयलरपुढच्या उष्णतेत रमजान आला तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक खेपेला यायचा. मुसाफिराला रोजा पुढे ढकलायची मुभा कुराणातच दिलेली आहे. पण ज्याचं सगळं आयुष्यच मुसाफिरीत चाललंय, त्यानं ते राहिलेले रोजे फेडायचे कधी?

आगबोटींवर तोफा चढल्या आणि नौदलाचा झेंडा लागला, तेव्हा या खलाशांना हिशेब देऊन उतरवण्यात आलं. युद्धनौकेवर गोरे नौसैनिक आले. म्हणून रावळपिंडीच्या २३८ मृतांत आपल्याला कोकणातली नावं सापडत नाहीत. वरवर पाहता वाटेल, चला, आपली माणसं वाचली. पण तसं झालं नाही. उतरवलेले खलाशी घरी बसले नाहीत, बसणं त्यांना परवडणारंच नव्हतं. ते दुसऱ्या बोटींवर चढले. ज्या बोटींवर तोफा नव्हत्या, कोळसा, गहू, तेल आणि दारूगोळा होता, आणि ज्यांच्या मागे पाणबुड्या लागलेल्या होत्या.

त्यांनी हे मुकाट्यानंही केलं नाही. १९३९ च्या शेवटच्या महिन्यांत ब्रिटनमधल्या आणि इतर बंदरांत हिंदुस्थानी खलाशांनी संप केला. पगार वाढवा, जिवाच्या जोखमीचा भत्ता द्या, अशी मागणी होती. शेकडो जण तुरुंगात गेले. अखेर पगारवाढ आणि युद्धभत्ता द्यावा लागला. लढाईत मरण सगळ्यांना सारखंच येणार असेल, तर जिवाची किंमत का सारखी नाही, असा साधा सवाल होता तो. पुरतं उत्तर तेव्हाही मिळालं नाही.

खुद्द आपल्या किनाऱ्यावरही हाच प्रकार चालू होता. त्या वेळचं रॉयल इंडियन नेव्ही हे अगदी छोटं आरमार. त्यानंही व्यापारी आगबोटी ताब्यात घेतल्या, एक-दोन तोफा बसवल्या आणि गस्तीला लावल्या. त्यांतली 'पार्वती' १९४१ च्या एप्रिलअखेरीस तांबड्या समुद्रात असाबजवळ सुरुंगाला लागून बुडाली. 'सोफी मेरी' १९४२ च्या मार्चमध्ये अंदमानजवळ तशीच गेली. या बोटींवर मात्र हिंदुस्थानी नौसैनिक होते.

नावं कुठे लिहिली आहेत

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदुस्थानी खलाशांचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास आहे. ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवर मेलेल्यांचं मोठं स्मारक लंडनमध्ये टॉवर हिलला आहे. तिथे धातूच्या पाट्यांवर बोटींच्या नावांखाली जवळपास चोवीस हजार नावं आहेत. रावळपिंडीचे मृत ब्रिटनमधल्या नौदलाच्या स्मारकांवर आहेत, खास करारावर बोटीसोबत राहिलेल्यांसाठी लिव्हरपूलला वेगळं स्मारक आहे. आपल्या खलाशांची नावं मात्र त्या पाट्यांवर नाहीत. ती नोंदवहीत आहेत. सारख्याच दोन वह्या आहेत. एक मुंबईत खलाशांच्या निवासात आणि दुसरी बांगलादेशात चितगावच्या युद्धस्मशानात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक जणांचं स्मारकही मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी निवासातच आहे. रोज हजारो माणसं त्या भागातून मसाला, सुकामेवा आणि रमजानचे खजूर घेऊन जातात.

वहीतल्या नोंदी वाचताना एक अडचण येते. गावांची, बापाची, आडनावाची स्पेलिंगं कारकुनानं कानावर पडली तशी लिहिलेली असत. एकच 'अब्दुल' चार तऱ्हांनी. एकच 'लक्ष्मण' तीन तऱ्हांनी. खलाशाला स्वतःला इंग्रजी येत नसे, आणि अंगठा उठवला की काम संपलं. त्यामुळे नातवानं आजोबांचं नाव शोधायचं म्हटलं तर समोर असूनही ते सापडत नाही.

कोकणात बोटबुडीची आठवण म्हटलं की 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाणारी ती आगबोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्या तोंडावर होती आणि रमजान लागायला दोनेक दिवस उरले होते. सणासाठी घरी निघालेली दोन्ही धर्मांची माणसं एकाच बोटीत होती. 'रामदास' गाण्यांत आली, आजीच्या गोष्टींत आली, कारण ती आपल्या डोळ्यांसमोर बुडाली आणि मृतदेह आपल्याच किनाऱ्याला लागले. युद्धात गेलेल्या खलाशाचं तसं नव्हतं. तो दूर कुठेतरी गेला. घरी आला तो एक कागद, आणि पुष्कळदा तोही उशिरा. कित्येक आयांनी आणि बायकांनी वर्षानुवर्षं दार उघडं ठेवलं.

इस्लामी परंपरेत पाण्यात बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा दिलेला आहे. हदीसमध्ये तसं स्पष्ट आलंय. बंदूक हातात असण्याची त्याला अट नाही. हिंदू घरांतही ज्याची तिथी माहीत नाही, त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करायची रीत आहे. म्हणजे ज्यांच्या मरणाचा दिवस आणि जागा कळली नाही अशांसाठी दोन्हीकडच्या जाणत्यांनी जागा ठेवलेली आहे. प्रश्न उरतो तो आपल्या दफ्तरांचा आणि आपल्या आठवणीचा.

हे काम मोठं नाही. रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत, मुंबईतल्या डोंगरी-माझगावच्या चाळींतही, एखाद्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचं खलाशीपणाचं पुस्तक पडलेलं असतं. त्यात बोटींची नावं असतात, चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात, बंदरांचे शिक्के असतात. त्या बोटींपैकी एखादी रांची असेल, एखादी राजपुताना असेल. घरातलं कुणी वयस्क माणूस हयात असेल तर त्याला विचारून गाव, वडिलांचं नाव आणि सारंगाचं नाव शुद्ध देवनागरीत एका कागदावर लिहून ठेवा. पुस्तकाचा फोटो काढा. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा गावच्या वाचनालयाला एक प्रत द्या. पाच-पंचवीस घरांनी एवढं केलं तरी त्या वहीतल्या वाकड्यातिकड्या स्पेलिंगमागची माणसं ओळखू येऊ लागतील.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत रात्री जागवल्या जातात आणि हयात नसलेल्यांसाठी दुआ मागितली जाते. त्या यादीत या वर्षी दर्यावर गेलेल्यांनाही धरावं. ज्यांना दुआ मागायची नसेल त्यांनी नाव लिहून ठेवावं. दोन्हींचं मोल सारखंच आहे.